भरती दासगावापर्यंत येते



'जगातले महासागर' हा विषय व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे देवमासे आणि पाण्याखालचे ज्वालामुखी असणार. त्यातले थोडे सांगेनच. पण दासगावात उभे राहून महासागरांवर बोलायचे तर सुरुवात इथल्या बंदरापासून करायला हवी. आपण महाड-पोलादपूरची माणसे स्वतःला डोंगराकडची समजतो. समुद्र म्हणजे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड. मुलाबाळांना घेऊन सुट्टीत जायची ठिकाणे. प्रत्यक्षात बाणकोटच्या मुखातून आत शिरलेले अरबी समुद्राचे पाणी आंबेतवरून वर चढत चाळीसेक किलोमीटर आत, दासगावपर्यंत, रोज दोनदा येते आणि दोनदा उतरते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे असते, चैत्र-वैशाखात ते मचूळ होते. काठच्या खाजणात खारफुटी वाढते, शेताला खारबंदिस्ती घालावी लागते, उघाडीची फळी वेळेवर पाडावी लागते. ज्या गावाला हे सगळे करावे लागते ते गाव समुद्रकाठचेच म्हणायला हवे. आज मला एवढेच पटवून द्यायचे आहे, आणि ते पटले तर शेवटी एक काम सांगायचे आहे.

हे पाणी इतके आत येते कसे? चंद्राच्या ओढीने, आणि काही अंशी सूर्याच्या, हे शाळेत शिकलेले असते. पण भर महासागरात भरतीची उंची मीटरभरही नसते. तिथल्या जहाजावरच्या माणसाला भरती आली की ओहोटी लागली हे कळतसुद्धा नाही. आपल्याकडे ती एवढी फुगते त्याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. मुंबईसमोर समुद्रतळ एकदम खोल जात नाही. किनाऱ्यापासून जवळजवळ 300 किलोमीटर तो उथळ पठारासारखा पसरला आहे. बॉम्बे हायला 1974 मध्ये तेल सापडले. मुंबईपासून 160 किलोमीटर दूर असलेल्या त्या जागी पाणी जेमतेम 75 मीटर आहे. खोल समुद्रातून येणारी भरतीची लाट या पठारावर चढली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. पाण्याने भरलेली परात उचलून चालताना मध्ये पाणी शांत दिसते आणि काठाशी उसळते, तसे काहीसे. दक्षिणेकडे हे पठार अरुंद होत जाते, म्हणून गोव्यात उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढउतार करते, मुंबईत साडेचार-पाच, आणि खंबातच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरच्याही वर. आपण या उतरंडीत मुंबईच्या जवळ आहोत. गोव्यातल्यासारखी भरती असती तर दासगाव बंदर झाले असते की नाही, शंकाच आहे.

या भरतीने जगातल्या प्रत्येक उथळ किनाऱ्यावर आणि खाडीत तळाशी घर्षण होते. त्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी किंचित मंदावते. दिवस शतकामागे सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने मोठा होतो आणि चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो. हे अंदाजाने सांगितलेले नाही. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यांच्यावर लेसरचा किरण सोडून तो परत यायला लागणारा वेळ मोजतात. चंद्राला दूर ढकलणाऱ्या त्या घर्षणात सावित्रीच्या खाडीतल्या गाळाचाही कणभर वाटा आहे. या गोष्टीचे मला आजही नवल वाटते.

खाडीवर काम करणाऱ्यांना हे गणित वेगळ्या भाषेत येते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास किनाऱ्यावर पूर्ण भरती; पुनवेला, अवसेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. दोन भरत्यांमध्ये सरासरी 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तिथीचा हिशेब चंद्रावरच चालतो, त्यामुळे गुणाकार जुळतो. तासाभराची चूक होते, पण होडी काढायला तेवढे पुरते. अवस-पुनवेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठे, आणि अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार. नौका-मचव्यांच्या काळात दासगावला माल कधी लागणार हे घड्याळावर ठरत नव्हते, ते असे ठरत होते.

हाच गुणाकार घेऊन मी एका तारखेकडे जाणार आहे. ती या गावाला नवी नाही.

डिसेंबर 1927. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची दुसरी परिषद महाडला भरायची होती. मार्चमधल्या पहिल्या परिषदेची हाक देणाऱ्यांत दासगावशी जन्माचे नाते असलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. मार्चमध्ये तळ्याचे पाणी प्याल्यानंतर जो मार झाला, जो बहिष्कार पडला, त्यामुळे डिसेंबरात सडकेवरच्या मोटारींवर विसंबता येत नव्हते. 24 डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या प्रतिनिधींनी 'पद्मावती' बोटीने मुंबई सोडली. रात्र समुद्रावर काढून ते खाडीमार्गे 25 तारखेला दुपारी दासगाव बंदरावर उतरले. सत्याग्रही हजारोंच्या संख्येने वाट पाहत उभे होते. इथून महाडपर्यंत पाच मैल ती मिरवणूक चालत गेली, आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

आता पंचांग काढा. 24 डिसेंबर 1927 ला मार्गशीर्ष अमावास्या होती. 25 तारखेला पौष शुद्ध प्रतिपदा. म्हणजे उधाणाचा ऐन दिवस. एकाची पाऊणपट पाऊण. किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी पाऊणच्या सुमारास, आणि खाडीत वर तिला पोचायला त्याहून थोडा अधिक वेळ. म्हणजे सकाळपासून चढणारे पाणी बोटीबरोबर आत येत होते, आणि दुपारी बंदरावर भरती पूर्ण होत आली होती. चवदार तळ्याचे पाणी माणसांनी माणसांना नाकारले. त्या पाण्यावरचा हक्क मागायला निघालेल्या माणसांना इथपर्यंत आणायला भरतीचे पाणी आले. परिषदेची तारीख कुणी उधाण पाहून ठरवली असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी खाडीत किती पाणी होते हे आज हिशेबाने सांगता येते, आणि दासगावच्या प्रत्येक मुलाला ते सांगता आले पाहिजे असे मला वाटते.

बंदराचा इतिहास त्याआधीचाही पुष्कळ आहे. गांधारपालेची लेणी नद्यांच्या संगमावर, व्यापाराच्या वाटेवर कोरली गेली. 1756 मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेले, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स 1771 च्या सुमारास सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी इकडे येऊन राहिला. रेल्वे नव्हती, सडक नव्हती. घाटावरचा माल उतरायचा आणि मुंबईचा चढायचा तो इथून. त्याबद्दल गावातल्या जुन्या माणसांकडे माझ्यापेक्षा अधिक सांगण्यासारखे असेल.

मुळात इथे खाडी झाली कशी, ते मात्र सांगायलाच हवे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाचा जोर असताना, जगातले इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. मघाशी सांगितलेले ते पाण्याखालचे पठार त्या वेळी उघडी जमीन होते. किनारा आजच्या बाणकोटपासून पश्चिमेला शे-दोनशे किलोमीटर लांब. सावित्री त्या मैदानावरून वाहत जाऊन कुठेतरी दूर समुद्राला मिळत असणार. पुढे बर्फ वितळला, पाणी चढत आले, मैदान बुडाले, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र साधारण आजच्या पातळीवर येऊन टेकला. नदीने कोरलेल्या खोऱ्यात तो जिथवर शिरू शकला तिथवर खाडी झाली. आपण बुडालेल्या नदीच्या काठावर राहतो. कुंडलिका, वाशिष्ठी, शास्त्री, जगबुडी यांच्या खाड्यांचीही हीच कहाणी आहे.

खोलीचे म्हणाल तर आपल्याला रायगड ठाऊक आहे, त्याचेच माप घेऊ. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर. जगातल्या महासागरांची सरासरी खोली सुमारे 3,700 मीटर, म्हणजे साडेचार रायगड एकावर एक. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत ती जवळजवळ 11,000 मीटर होते. तेरा रायगड ठेवले तरी वर थोडे पाणी उरते. 1960 च्या जानेवारीत झाक पिकार आणि डॉन वॉल्श ही दोन माणसे 'त्रिएस्ते' नावाच्या पाणबुडीत बसून तिथे तळाला टेकली. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा 71 टक्के भाग समुद्राखाली आहे, आणि एकट्या पॅसिफिकमध्ये सगळे खंड मावून जागा उरेल.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही समुद्राच्या गोष्टीतलाच. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, आणि त्यानंतर थोड्याच काळात, भूगर्भाच्या हिशेबाने थोड्या काळात, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला. मध्ये अरबी समुद्राचा तळ उघडत गेला. आज ती बेटे सुमारे 3,000 किलोमीटरवर आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना उजवी-डावीकडे जे कडे दिसतात, त्यांच्या पश्चिमेला पूर्वी समुद्र नव्हता, जमीन होती.

पाऊस तर सगळा समुद्राचाच. जूनमध्ये दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेले वारे केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, सोमालियावरून वळून अरबी समुद्रावर येतात. जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा जोरदार पट्टा असतो. 1960 च्या दशकात फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने तो नीट मांडला, म्हणून त्याला त्याचेच नाव आहे. हा वारा सोमालियाच्या किनाऱ्यावरचे वरचे पाणी ढकलून नेतो, खालचे थंडगार पाणी वर येते, आणि भर जुलैमध्ये विषुववृत्ताजवळच्या त्या समुद्राचे पाणी 20 अंशांच्याही खाली जाते. वाटेत हे वारे बाष्प उचलतात आणि सह्याद्रीला धडकले की वर चढून सोडून देतात. 22 जुलै 2021 पासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस झाला. जुलै 2005 च्या अखेरीस याच वाऱ्यांनी आणलेल्या पावसात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले आणि तालुक्यात दोनशेच्या जवळपास माणसे गेली. 2021 मध्ये तळिये गाव तसेच गेले. या सभागृहात त्यांचे नातलग बसले आहेत, त्यामुळे त्याबद्दल अधिक बोलण्याची मला गरज वाटत नाही.

महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांचा उगम मानतात. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस. त्यातला पूर्वेला उतरला तो कृष्णेबरोबर 1,400 किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला उतरला तो सावित्रीतून शंभर-एकशेदहा किलोमीटरमध्ये बाणकोटला पोचतो. या दोन समुद्रांचे पाणी सारखे नाही. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी, कृष्णा एवढे गोडे पाणी ओततात की त्याचा वरचा थर कमी खारट असतो. अरबी समुद्रातून उन्हाने उडून जाणारे पाणी नद्या आणि पाऊस यांनी आणलेल्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तो अधिक खारट. जगातल्या समुद्राच्या एका किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम मीठ असते, अरबी समुद्रात 36 च्या पुढे. घाटमाथ्यावर सह्याद्रीच्या पावसाची वाटणी होते तीत एक हिस्सा पूर्वेच्या समुद्राला जातो, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

खाडीच्या मुखाशी, बाणकोटच्या पलीकडे, वेळास आहे. नाना फडणवीसांचे वेळास. तिथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला वाळूवर येतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक लांबून येतात. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र बसवलेली 'बागेश्री' दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी 2025 मध्ये याच्या उलट झाले. ओडिशात 2021 मध्ये पंखाला 03233 क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. पूर्वेची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असे मानणाऱ्यांना त्या एका बिल्ल्याने पुन्हा विचार करायला लावले. समुद्रांना आपण नावे वेगवेगळी दिली आहेत. त्यांच्यातले पाणी आणि जीव ती पाळत नाहीत.

आता पुराकडे येतो, कारण माझे काम तिथे आहे.

महाडचा पूर फक्त डोंगरातून येत नाही. साडेतेराशे मीटरवरून निघालेली सावित्री पोलादपूरपर्यंत धावत उतरते. काळ आणि गांधारी तिला मिळतात तिथे जमीन जवळजवळ समुद्राच्या पातळीला आलेली असते. पुढे उतारच नाही. पाणी जायचे ते ओहोटीच्या वेळी, आणि भरती चढती असेल तर ते जिथल्या तिथे थोपते. 22 जुलै 2021 ला रात्री महाडमध्ये पाणी पहिल्या मजल्यांपर्यंत चढले तेव्हा गुरुपौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे किनाऱ्यावर उधाणाची भरती रात्री दहाच्या सुमारास. वरून महाबळेश्वरचा पाऊस आणि खालून समुद्र. सावित्रीवरचा 1928 चा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने त्याबरोबर गेली, तो दिवसही आषाढातल्या दीप अमावास्येचा होता, आणि शोध घेणाऱ्यांना खाडीच्या मुखापर्यंत, समुद्रापर्यंत जावे लागले. पूल उधाणाने पडला नाही. पण नदीने नेलेले कुठे सापडेल हे तिथून पुढे भरती-ओहोटीच ठरवत होती.

खाडीतला गाळ काढावा, दासगावजवळचा रेल्वेचा भराव काढून तिथे पाण्याला मोकळी वाट द्यावी, ही मागणी आपण करतो आहोत आणि ती योग्य आहे. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी खाडीत सोडणे थांबले पाहिजे, हेही खरे. पण आणखी एक गोष्ट वाढते आहे. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर चढली, आणि अलीकडे ती वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटर वेगाने चढते आहे. वर्षाला पेन्सिलीच्या रेघांइतके वाटते खरे. पण जिथे उतारच नाही तिथे वीतभर पातळी वाढली की ओहोटीचे मोकळे तास कमी होतात, आणि पुराचे पाणी जायला तेवढेच तास असतात. अरबी समुद्र तापतो आहे, हेही आपण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात आदळले तेव्हा अनुभवले.

मुंबईला अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्राची पातळी मोजली जाते. हिंदी महासागराच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे, आणि समुद्र चढतो आहे हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो ते अशा नोंदींच्या जोरावर. तिथले यंत्र साधेच होते: पाण्यावर तरंगणारी एक वस्तू, आणि तिच्याबरोबर वरखाली होणारी पेन्सिल.

माझी विनंती अशी. दासगावच्या बंदरावर, जुन्या धक्क्याजवळ जिथे ओहोटीलाही पाणी राहते अशा जागी, पुलाच्या खांबावर किंवा रोवलेल्या सागाच्या खुंटावर पट्टी रंगवावी. दर दहा सेंटिमीटरला रेघ, दर मीटरला आकडा, रंग तैलरंगच हवा. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी पाळी लावून दिवसा दर तासाला पाणी कुठे आहे ते वहीत लिहावे, शेजारी तिथी लिहावी, पाऊस किती झाला तेही लिहावे. सर्व्हे ऑफ इंडियाचे भरती-ओहोटीचे तक्ते दरवर्षी छापून निघतात, मुंबईची वेळ त्यात मिळते. आपली भरती मुंबईपेक्षा किती मिनिटे उशिरा पूर्ण होते ते पहिल्या महिन्यात कळेल. उधाणाला तो फरक किती आणि भांगाला किती, हे दुसऱ्या महिन्यात. आणि आषाढात सावित्री भरून आली की तो किती बदलतो, भरतीच्या शिखराच्या किती तास आधी महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला माल वर हलवायला सांगितले पाहिजे, याचे उत्तर एक-दोन पावसाळ्यांच्या वह्यांतून निघेल. पट्टी रंगवायला दिवाळीनंतरची पहिली अष्टमी धरा. भांगात पाणी फार हलत नाही, खुंट रोवायला सोपे जाते.